शाळेसमोर ताशी ३० किलोमीटरच का?

समजा, आपल्या मोटारीपुढे १४ मीटरांवर चेंडूमागे धावत एक मूल रस्त्यात आले. मोटार वेळेत थांबेल का?

मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण १ सेकंद जातो असे धरू. तेवढ्यात ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे ८ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर ती आणखी ५ मीटरांत थांबते. एकूण १३ मीटर. मूल वाचते.

आता वेग ताशी ५० घेऊ. पहिल्या सेकंदातच मोटार जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच पूर्ण वेगाने धडक! शिवाय ब्रेकनंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५ मीटरांचे १४ मीटर होतात.

म्हणूनच पादचारी आणि वाहने जेथे एकत्र येतात तेथे ताशी ३० ची कमाल मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात सुचवले आहे. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत शहरांतील मोटारींसाठी ही मर्यादा ७० ठरवली होती. १३ आणि २८ मीटरांच्या रेघा मैदानावर फक्कीने आखून विद्यार्थ्यांना दाखवू या. ७० चे गणित त्यांनाच करू द्यावे.