न विसरणारा मुनीम

व्यापाराला भांडवल लागते, माल लागतो, माणसे लागतात, हे सर्वांनाच ठाऊक असते. त्याला आठवणही लागते, हे मात्र ती चुकल्यावरच ध्यानात येते. चौकशी करून गेलेल्या गिऱ्हाइकाला परत फोन करायचा राहून जातो, कबूल केलेला नमुना पाठवायचा राहतो, आणि दारातून गेलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. ते रागावले असेही नसते. आपली कोणाला गरज नाही, एवढाच अर्थ त्याने काढलेला असतो.

जुन्या पेढ्यांवर हे काम मुनीमजींकडे असे. कोणाची बाकी केव्हा मागायची, कोणाच्या घरी यंदा कार्य आहे, कोणाला माल दाखवायला बोलवायचे, हे सारे त्यांच्या वहीत आणि त्याहून अधिक त्यांच्या डोक्यात असे. कचेऱ्यांतून स्मरणपत्रांची पद्धत होती. पाश्चात्त्य कचेऱ्यांत तर त्रेचाळीस फायलींची एक युक्ती प्रसिद्ध होती: महिन्याच्या तारखांच्या ३१ आणि वर्षाच्या महिन्यांच्या १२. ज्या दिवशी ज्या कागदाची आठवण हवी, त्या दिवसाच्या फायलीत तो टाकायचा. रोज सकाळी त्या दिवसाची फाईल उघडायची. त्या फायली आता संगणकात आणि हातातल्या फोनमध्ये गेल्या आहेत, आणि त्या आपल्या आपण उघडतात. या लेखाचा विषय तोच आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथे २००६ साली ब्रायन हॅलिगन व धर्मेश शाह या दोघांनी हबस्पॉट ही कंपनी काढली. गिऱ्हाइकांची नोंद, त्यांना जाणारी पत्रे, विक्रीचा पाठपुरावा आणि कामगारांत कामांची वाटणी या साऱ्यांची एकत्र व्यवस्था ती पुरवते. आपल्याकडे चेन्नईच्या झोहो कंपनीची याच जातीची प्रणाली २००५ पासून आहे. नावे आणि पडदे वेगळे असले तरी आतील तत्त्व एकच आहे. आम्ही पुढे जे सांगतो ते प्रामुख्याने हबस्पॉटच्या रचनेवरून. इतरत्रही थोड्याफार फरकाने ते लागू पडते.

एका घरचा उद्योग

उदाहरणासाठी वडोद्याच्या दांडिया बाजारातले एक घर कल्पावे. सासूबाई फराळाचे पदार्थ करतात, सून मागण्या घेते, मुलगा हिशेब आणि पाठवणी पाहतो, आणि दोन बायका मदतीला येतात. दिवाळीत मागणी परगावची, तशीच परदेशात गेलेल्या मुलाबाळांसाठीची. असे घर इंदूरला राजवाड्याजवळ, ग्वाल्हेरच्या लष्करात, बेळगावच्या शहापुरात किंवा हैदराबादेत काचीगुड्याला असू शकेल. आमच्या वाचकांतील कित्येकांना ते ओळखीचे वाटेल.

या घरात सारे कोणाला आठवते? बहुधा एकाच व्यक्तीला, आणि बहुधा ती घरातील बाईच असते. कोणाच्या चकलीत तिखट कमी, कोणाला डिंकाचे लाडू चालत नाहीत, कोणाचे पैसे अर्धेच आले आहेत, कोणाचे पार्सल धनत्रयोदशीच्या आत पोचलेच पाहिजे, हे सर्व तिच्या डोक्यात असते. तिचे कौतुक होते. पण ती आठ दिवस तापाने पडली की उद्योग बंद पडतो आणि मग सारे घर तिच्या उशाशी येऊन विचारू लागते. ही आठवण एका डोक्यातून काढून सर्वांना दिसेल अशा जागी ठेवणे, हाच या साधनांचा खरा उपयोग आहे असे आम्हांस वाटते.

काम म्हणजे काय लिहावे

प्रणालीत प्रत्येक कामाची एक नोंद होते. तिला 'टास्क' म्हणतात. नोंदीत कामाचे शीर्षक, ते फोन करण्याचे आहे, पत्राचे आहे की अन्य काही, त्याची निकड, मुदतीचा दिवस व वेळ, ते कोणाकडे सोपवले, कोणत्या गिऱ्हाइकाशी जोडलेले आहे आणि आठवण केव्हा करावी, एवढी घरे असतात. आठवण मुदतीच्या क्षणी, अर्धा तास आधी, तासभर आधी, एक दिवस आधी किंवा आठवडाभर आधी मागता येते. काम ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे असेल तर तसेही नोंदवता येते. सारख्या जातीची कामे एका रांगेत लावून एकामागून एक उरकण्याची सोयही आहे. सकाळचे सगळे फोन एका बैठकीत संपतात.

घरे भरणे सोपे आहे. कठीण आहे ते शीर्षक लिहिणे. 'फराळाचे पाहणे' हे काम होत नाही, कारण ते केव्हा संपले हे कोणालाच सांगता येत नाही. 'नागपूरच्या मागणीतील अनारशांची संख्या फोनवरून पक्की करणे' हे काम झाले. शीर्षक वाचून तिऱ्हाईत माणसाला पहिली कृती कळली पाहिजे. दुसरे असे की, एका कामाला एकच धनी असावा. 'सर्वांनी लक्ष ठेवावे' असे लिहिले की कोणीच लक्ष ठेवत नाही, हा अनुभव लग्नघरात वावरलेल्या प्रत्येकाला आहे. मदतीला कितीही माणसे असोत, विचारणा एकाकडेच व्हावी.

मुदती शेवटापासून मागे मोजत याव्यात. पार्सल अमुक दिवशी पोचायचे, म्हणजे अमुक दिवशी सुटायचे. त्याच्या आधी बांधणी, त्याच्या आधी तळण, त्याच्या आधी भाजणी दळून आणणे आणि सर्वांत आधी मागणी व पैसे पक्के करणे. पुढून मोजणारा नेहमी शेवटी धावतो. मागून मोजणाऱ्याला धावपळ कुठे होणार हे पंधरा दिवस आधी दिसते.

आपोआप चालणारी साखळी

आतापर्यंतचे काम कोणीतरी हाताने नोंदवायचे होते. पुढची पायरी ही की नोंद आपोआप व्हावी. हबस्पॉटमध्ये या साखळीला 'वर्कफ्लो' म्हणतात. तिचे तीन भाग असतात. पहिला, साखळी कशाने सुरू व्हावी: समजा, कोणी चौकशीचा अर्ज भरला. दुसरा, मग काय करावे: सुनेच्या नावाने 'चौकशीला उत्तर देणे' हे काम काढावे, मुदत एक दिवस. तिसरा, किती थांबावे आणि मग काय पाहावे: तीन दिवस थांबून गिऱ्हाइकाने मागणी नोंदवली का ते पाहावे, नोंदवली असल्यास बांधणीचे काम मुलाकडे जावे, नसल्यास एक विचारणेचा फोन करण्याचे काम सुनेकडे यावे.

एवढ्याने मुनीमजींचे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे माणसानेच करायचे आहे. फोन करा असे यंत्र सांगेल, पण समोरच्या घरी नुकतीच दुःखाची घटना घडली आहे, आज फोन करू नये, हे ते सांगणार नाही. म्हणून गिऱ्हाइकाला थेट निरोप पाठवण्याऐवजी आपल्या माणसाला काम सांगणारी साखळी आम्हांस अधिक पसंत आहे. तिच्यात मध्ये एक विचारी माणूस उभा राहतो.

कामे आणि साध्या आठवणी या प्रणालीच्या विनामूल्य भागातही मिळतात. विस्तृत साखळ्यांसाठी मात्र पैसे भरावे लागतात आणि लहान घरगुती उद्योगाला ते जड वाटू शकतात. आधी हाताने नोंदी करून पाहाव्यात, शिस्त अंगी बाणली तरच खर्चाचा विचार करावा.

साखळी सुरू करताना दोन ठिकाणी जपावे लागते. सुरू करतेवेळी प्रणाली विचारते की, अटीत बसणारी जुनी गिऱ्हाइकेही आत घ्यावीत काय. घाईत 'होय' म्हटले की तीन वर्षांपूर्वी चौकशी केलेल्या शेकडो माणसांची कामे एका सकाळी सुनेच्या नावावर पडतात. दुसरे, एकदा साखळीतून गेलेले गिऱ्हाईक पुन्हा आत येईलच असे नाही. तशी मुभा वेगळी द्यावी लागते, एरवी ते पहिल्याच वेळी घेतले जाते. गेल्या दिवाळीचे नेहमीचे गिऱ्हाईक यंदा पुन्हा चौकशी करते आणि यंत्र गप्प राहते ते यामुळे. म्हणून घरातल्याच कोणाचे नाव गिऱ्हाईक म्हणून घालून साखळी एकदा शेवटपर्यंत चालवून पाहावी. रविवारी आणि सणावारी ती थांबते की नाही, हेही तेव्हाच तपासावे.

घंटा फार वाजल्या तर

आठवण करून देणे चांगले, म्हणून अधिक आठवणी अधिक चांगल्या, असा समज होतो. रुग्णालयांचा अनुभव याच्या उलट आहे. रुग्णाच्या खाटेशी लावलेली यंत्रे सतत घंटा वाजवतात. अमेरिकेतील रुग्णालयांची पाहणी करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ साली इशारा दिला, त्यात जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात घंटांशी निगडित ९८ घटना आणि त्यांतील ८० मृत्यू तिच्याकडे नोंदले गेल्याचे सांगितले होते. वाजणाऱ्या घंटांपैकी ८५ ते ९९ टक्के घंटांना वैद्यकीय कृतीची गरजच नसते, असेही त्यात म्हटले होते. अशा गलक्यात परिचारिकांचे कान बधिर होतात आणि खरी घंटा त्यातच बुडते.

घरगुती उद्योगात जीव जात नसेल, पण न्याय तोच आहे. ज्या आठवणीवर आज काही करायचे नाही, ती आज वाजू नये. निकडीची खूण दहांत एकालाच द्यावी. आणि आठवड्यातून एकदा सर्वांनी बसून, मुदत उलटून गेलेली कामे एकेक करून पाहावीत: करायचे असेल तर नवी तारीख घालावी, करायचे नसेल तर पुसून टाकावे. थकलेल्या कामांचा ढीग पाहून माणूस यादीच उघडेनासा होतो.

यादी आणि माणसे

यादीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही शस्त्रक्रियागृहात नीट दिसून आली. डॉ. अतुल गवांदे यांचे नाव आमच्या वाचकांना परिचित असेल; त्यांचा जन्म अमेरिकेतला, वडिलांचे मूळ विदर्भातले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या पुढाकाराने १९ बाबींची एक तपासयादी तयार झाली. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, तर मोठ्या गुंतागुंतींचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. त्या यादीतील एक बाब अशी की, चिरा देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे.

पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात ही यादी सर्वत्र लागू झाली. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात लक्षणीय सुधारणा आढळली नाही. याच्या कारणांवर बरीच चर्चा झाली. आम्ही त्यातून एवढाच बोध घेतो की, यादीवर खुणा झाल्या म्हणजे काम मनापासून झाले असे नव्हे. यादीने माणसांना एकमेकांशी बोलते करावे, तेव्हाच तिचे चीज होते.

घरात याची एक नाजूक बाजू आहे. कोणी किती वाजता काम पुरे केले हे सर्वांना दिसू लागले की, ती वही पाळत ठेवण्याचे साधन बनू शकते. सुनेच्या उशिराच्या खुणा मोजल्या जातात, मुलाच्या मात्र मोजल्या जात नाहीत. यादीत थोरल्यांचीही कामे असावीत आणि त्यांच्याही तारखा सर्वांना दिसाव्यात. तसे झाले तरच ती घराची वही होईल.

गिऱ्हाइकाचा उंबरठा

शेवटी गिऱ्हाइकाविषयी. आपली सोय ती त्याची कटकट होऊ नये. २०१८ च्या दूरसंचार नियमांनी नको असलेले व्यापारी फोन व संदेश रोखण्याची व्यवस्था घातली आहे; १९०९ या क्रमांकावर कोणालाही आपली इच्छा नोंदवता येते. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्याचे तत्त्व असे की, माणसाची माहिती त्याच्या संमतीने वापरावी आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणेही सोपे असावे. कोणी 'पुरे' म्हटले की त्याचे नाव सर्व साखळ्यांतून त्याच दिवशी बाहेर काढावे. हे कामही कोणा एकाच्या नावावर, मुदतीसह लिहून ठेवावे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नव्या वहीला हळदकुंकू वाहतो आणि पहिल्या पानावर श्री लिहितो. यंदा त्या वहीशेजारी फोन किंवा संगणक ठेवला जाईल, तेव्हा दिवाळीच्या आधी एकच साखळी लावून पाहावी: चौकशी आली की एका दिवसात उत्तर. ती महिनाभर नीट चालली तर दुसरी जोडावी. आणि इतकी वर्षे जिने सगळ्यांच्या आवडीनिवडी मनात धरून ठेवल्या, तिला विचारून त्या एकेक करून उतरवून घ्याव्यात. यंदाच्या दिवाळीत तिला दोन घटका स्वस्थ बसता आले, तर यंत्राचे पैसे वसूल झाले असे खुशाल समजावे.