विश्लेषण : नेट नसतानाही अ‍ॅप उघडते, मग पुराचा आकडा जुना का?

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीत पाणी चढू लागले की दत्त मंदिरातील दक्षिणद्वार सोहळ्याची आणि पुराची चौकशी एकदमच सुरू होते. २०१९ आणि २०२१ चे महापूर शिरोळ तालुका विसरलेला नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे, हे मोबाइलवर सतत पाहिले जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी आहे. मात्र रेंज नसतानाही अ‍ॅप नीट उघडले, म्हणून त्यातील आकडा ताजाच असेल असे नाही. असे का होते?

एपीके म्हणजे काय?

अँड्रॉइड अ‍ॅप ज्या फाइलमधून फोनमध्ये बसते ती एपीके. मुळात ही झिप प्रकारचीच फाइल. झिप हा प्रकार फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणला. एपीकेमध्ये पडद्याची मांडणी, बटणे, चित्रे, रंग, मराठी मजकूर आणि प्रोग्रामचा कोड असे सगळे एकत्र बांधलेले असते. सोबत 'मॅनिफेस्ट' असते. अ‍ॅपची ओळख काय, त्याला कोणत्या परवानग्या हव्यात, याची ही यादी.

सगळे एकत्र का बांधतात?

फाइल सुट्या पाठवल्या आणि एखादी राहिली तर पडदा अर्धवट दिसेल. शिवाय गठ्ठ्यावर अ‍ॅप बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. सहीनंतर आतील कोड किंवा चित्र बदलले तर फोन ते अ‍ॅप बसवून घेत नाही. अर्थात, सही असली म्हणजे बनवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो असे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अनोळखी एपीके उघडू नये, ती याचसाठी.

प्ले स्टोअरवर काय बदलले?

ऑगस्ट २०२१ पासून नव्या अ‍ॅपसाठी 'अ‍ॅप बंडल' देणे बंधनकारक झाले. त्यातून प्ले स्टोअर त्या-त्या फोनला लागेल तेवढाच भाग पाठवते. त्यामुळे डाउनलोड हलके होते.

मग आकडा जुना का दिसतो?

पडदा आधीच फोनमध्ये असतो. पाण्याची पातळी मात्र दरवेळी सर्व्हरवरून यावी लागते. नेट तुटले की अनेक अ‍ॅप शेवटचा साठवलेला आकडाच दाखवतात. जी अ‍ॅप केवळ वेबसाइट उघडून दाखवतात, त्यांचा पडदा सहसा कोराच राहतो. यात कोरा पडदा परवडला, कारण तो निदान फसवत तरी नाही.

काय पाहावे?

आकड्याआधी 'शेवटचे अपडेट' ही वेळ पाहावी. ती जुनी असेल किंवा दिलेलीच नसेल, तर त्या आकड्यावर घर सोडायचे की थांबायचे हे ठरवू नये. फोन लागत असेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावर विचारावे. गावात स्थलांतराची सूचना दिली गेली असेल, तर अ‍ॅप काहीही दाखवो, निघावे.