डोळ्यांतील तेल व डोळ्याचा दाब

दृष्टिपटल जागेवरून सुटलें म्हणजे तें बसवून दाबून धरण्यासाठीं शस्त्रवैद्य कधीं कधीं डोळ्यांत सिलिकोन तेल भरतात. अमेरिकेंत पॉल सिबिस यांनीं १९६२ सालीं ही रीत प्रसिद्ध केली. हें तेल पाण्याहून किंचित् हलकें. डोळ्यांतलें भिंग काढलेलें असल्यास तें पुढें सरून बाहुलीचें छिद्र बुजवितें, जलरसाची वाट अडते आणि दाब चढतो. जपानच्या आंडो यांनीं १९८५ सालीं तोड सुचविली: बाहुलीभोंवतालच्या रंगीत पडद्यास बारीक खिडकी पाडावी, तीही खालच्या बाजूस, कारण तेल वर तरंगतें, जलरस खालीं राहतो. युक्ति साधी, पण सुचावयास तेवीस वर्षें लागलीं!

दुसरा धोका चोरपावलांनीं येतो. कांहीं महिन्यांनीं तेलाचे सूक्ष्म थेंब सुटून जलरसाचा निचरा करणारी जाळी तुंबते. निरोगी डोळ्याचा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांत असतो. तो हळूहळू वाढला तर बहुधा दुखतही नाहीं. दृष्टीचा मज्जातंतु मात्र झिजतो, आणि झिजलेला पुन्हां भरून येत नाहीं. म्हणूनच “पटल बसलें” एवढें ऐकून घरच्यांनीं दाबाची तपासणी चुकवूं नये. जाळी बिघडली असल्यास तेल काढल्यावरही दाब उतरेलच असें नाहीं. औषधाचे थेंब पुढेंही चालूं ठेवावे लागतात.