‘पंचेचाळीस सुटतात’ म्हणजे नक्की किती सुटतात?

“काका, महिन्याला पंचेचाळीस सुटतात म्हणे.”

हेवी लायसन्स हातात पडलं की गावाकडचं पोरगं मला फोन करतं आणि पहिलं वाक्य हेच असतं. आकडा कधी चाळीस, कधी पन्नास. सांगणारा मात्र तोच, कुठल्या तरी ट्रान्सपोर्ट कंपनीसाठी ड्रायव्हर गोळा करणारा भरतीवाला. मी कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अकरा वर्षं ड्रायव्हरांचे हिशोब लिहिले. ट्रिप संपवून आलेला माणूस टेबलासमोर उभा राहायचा आणि मी कपातीच्या रकान्यात आकडे मांडायचो. म्हणून सांगतो, ‘पगार किती’ हा प्रश्न विचारला की सगळं विचारून झालं, हा नव्या ड्रायव्हरचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

गेल्या वर्षी अशाच एका पोराने, वय पंचवीस, आपल्या हिशोबाचे कागद माझ्यापुढे ठेवले. घामाने मऊ झालेले, डिझेलच्या पावत्या टाचणीने लावलेले. त्यातले आकडे गोल करून मांडतो.

मासिक पगार 17,000. त्यावर किलोमीटरला 4 रुपये भत्ता. भरतीवाल्याने महिन्याला 7,000 किलोमीटर धरले, 28,000 भत्ता झाला, दोन्ही मिळून 45,000. बेरीज बरोबर आहे. खोटं कुठे आहे ते पाहा.

न्हावाशेवा ते दिल्ली साधारण 1,400 किलोमीटर, जाऊन-येऊन 2,800. भरलेल्या गाडीचा सरासरी वेग तासाला 40 धरा. दिवसाला 8 तास चालवली तर 320 किलोमीटर होतात, म्हणजे नुसतं चालवण्यातच पावणेनऊ दिवस गेले. दोन्ही टोकांना भरायला, खाली करायला आणि परतीचा माल मिळायला मिळून पाच दिवस. एक फेरी चौदा दिवसांची झाली. महिन्यात दोन फेऱ्या, 5,600 किलोमीटर. सात हजार गाठायचे तर अडीच फेऱ्या लागतात आणि गाडी रस्त्यावर असेल त्या प्रत्येक दिवशी 10 तास स्टिअरिंगवर बसावं लागतं. महिनाभर सुट्टी नाही, पंक्चर नाही, आजारपण नाही.

5,600 किलोमीटरचा भत्ता 22,400. पोराचं जेवण, चहा, आंघोळ त्याच भत्त्यातून. दिवसाला 300 धरले तर 28 दिवसांचे 8,400 गेले. उरले 14,000.

आता डिझेल. कंपनीने ॲव्हरेज ठरवून दिलं होतं साडेचारचं. गाडी प्रत्यक्षात लिटरला चार देत होती, कारण ती नऊ वर्षं जुनी होती आणि दोन्ही बाजूंनी भरून धावत होती. 5,600 किलोमीटरला चारने 1,400 लिटर लागतात, साडेचारने 1,244. फरक 156 लिटरचा, 90 रुपयांच्या दराने सुमारे 14,000 रुपये. ते ‘जादा डिझेल’ म्हणून ड्रायव्हरच्या नावावर पडले.

भत्ता पूर्ण गेला. हातात राहिले पगाराचे 17,000. तो पोरगा चोर नव्हता, डिझेल विकत नव्हता, गाडी रेटत नव्हता. त्याने फक्त ॲव्हरेज विचारलं नव्हतं.

आणि तरीही लोक मला सांगतात, “ॲव्हरेज राखणं ड्रायव्हरच्या हातात असतं.” थोडंफार असतंच. टायरमधली हवा, गियर कधी बदलला, एक्सिलरेटरवरचा पाय, यांनी फरक पडतो. पण पासिंगएवढा, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनाएवढा, माल भरून कसारा चढणारी गाडी आणि रिकामी परतणारी गाडी यांना एकच आकडा लावणं म्हणजे कपात आधीच ठरवून ठेवणं. म्हणून विचारायचं ते असं: भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज किती, रिकामीचं किती? घाटाच्या रूटला वेगळं आहे का? मोजता कसं, टाकी फुल करून निघायचं आणि फुल करून थांबायचं की पंपाच्या पावत्यांवर? मला देणार ती गाडी कोणत्या सालची, आणि गेल्या तीन महिन्यांत तिने काय ॲव्हरेज दिलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक ऑफिसात लिहिलेलं असतं. आमच्याकडे वही होती, आता कॉम्प्युटर आहे. “बघून सांगतो” म्हणणाऱ्याला ते ठाऊक असतं.

कपातीवर कायद्याचं बंधन नाही, असंही अनेकांना वाटतं. बंधन आहे. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात ते होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही आहे. नुकसानीपोटी पैसे कापायचे तर आधी कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. आमच्या ऑफिसात यावरची वाट सोपी होती. कपात पगारातून न दाखवता भत्त्यातून दाखवायची. मीच दाखवली आहे. म्हणून सांगतो, पगार किती आणि भत्ता किती, हे दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या. नेमणूकपत्र मागा. कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांवरच्या 2020 च्या संहितेने ते देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. मागितलं म्हणून उपकार होत नाहीत.

हॉल्टिंगचंही तसंच. गोदामाच्या गेटवर गाडी तीन दिवस उभी राहिली तर किलोमीटर शून्य, भत्ता शून्य, जेवण मात्र चालू. माल पाठवणाऱ्याकडून कंपनी हॉल्टिंगचे पैसे अनेकदा वसूल करते. त्यातले ड्रायव्हरला किती, आणि कितव्या दिवसापासून? इतका साधा प्रश्न, पण तो विचारणारा पोरगा मला अकरा वर्षांत क्वचितच भेटला. त्याला जोडूनच विचारा की वाटेत मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत संपली तर जबाबदारी कोणाची. जानेवारी 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे दिल्लीला सात दिवस. मुदत संपलेल्या बिलावर गाडी अडवली तर मालासकट गाडी आणि गाडीसकट तुम्ही तिथेच.

आता दुसरा गैरसमज, ज्याचा मला खरोखर राग येतो: “ओव्हरलोडचा दंड मालक भरतो, आपल्याला काय?” मोटार वाहन कायद्याचं कलम 194 वाचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. तो जो गाडी चालवतो त्यालाही आहे आणि जो चालवायला लावतो त्यालाही. वजनकाट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर 40,000. मालकाने पैसे भरले असं समजू. लायसन्स कोणाचं? मालवाहू गाडीत जादा माल भरला तर किमान तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित करा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्येच राज्यांना दिले आहेत. ते तीन महिने घर कोण चालवणार? ड्रायव्हरच्या बाजूने एक गोष्ट कायद्यात आहे. कलम 113 नुसार, गाडी चालवणारा मालक नसेल तर जादा वजन मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने भरलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पण ते न्यायालयात, रात्री दोन वाजता नाक्यावर नव्हे. भरतीच्या वेळीच विचारा: काटापावती माझ्या हातात मिळेल का, आणि पासिंगच्या वर माल असेल तर गाडी न हलवण्याची मुभा मला आहे का?

तिसरा, “गाडीचा विमा आहे, म्हणजे माझा विमा आहे.” सक्तीचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं ते स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाचं. पगारी ड्रायव्हर कामावर असताना गेला तर त्याच्या कुटुंबाला कर्मचारी नुकसानभरपाईच्या तरतुदींनुसार पैसे मिळतात, आणि तिथे कागदावरचा पगार जिवाची किंमत ठरवतो. सूत्र असं: मासिक वेतनाचे 50 टक्के गुणिले वयाचा गुणांक. पंचविशीसाठी तो 216.91 आहे. हिशोबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा 2020 मध्ये 15,000 ठरली. त्या पगारावर साधारण 16 लाख 27 हजार होतात. कागदावर 9,000 दाखवले असतील तर 9 लाख 76 हजार. प्रवासभत्ता वेतनात धरत नाहीत. “कागदावर कमी दाखवू, बाकी हातात देऊ” असं भरतीवाला म्हणाला की घरच्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आणा.

बाकीचे थोडक्यात.

मूळ लायसन्स कंपनीकडे जमा ठेवावंच लागतं? असा कोणताही कायदा नाही. छायाप्रत द्या, मूळ जवळ ठेवा.

हेवी लायसन्स असलं की टँकरही चालवता येतो? ज्वालाग्राही किंवा विषारी माल असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 9 प्रमाणे प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद लागते. प्रशिक्षणाचे पैसे कोण देणार, ते विचारा.

कारच्या लायसन्सवर छोटा टेम्पो चालवणं बेकायदा आहे? नाही. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की मालासकट एकूण वजन 7,500 किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. वजन त्याहून जास्त असेल तर मात्र चालत नाही, भरतीवाला काहीही सांगो.

सगळ्या ट्रकांना आता एसी केबिन सक्तीची झाली? 2025 चा तो नियम नव्याने बनणाऱ्या गाड्यांना आहे. तुम्हाला मिळणारी गाडी जुनी असेल तर मे महिन्यात केबिन तापलेलीच राहणार.

ड्रायव्हरच्या कामाला तास नसतात? असतात. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास घातले होते, नव्या संहितेतही आठ तासच आहेत आणि वरच्या तासांना दुप्पट दर. प्रत्यक्षात ते पाळले जात नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच, सोबत दुसरा ड्रायव्हर असेल, क्लीनर असेल की एकट्यालाच जायचं, हे आधी विचारा.

“इतके प्रश्न विचारले तर नोकरी मिळेल का?” कागद दाखवणाऱ्या त्या पोराने मला हेच विचारलं होतं. त्याने पुढच्या वेळी तीन कंपन्यांना व्हॉट्सॲपवर चारच ओळी पाठवल्या: भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज, हॉल्टिंगचा दर, नेमणूकपत्रावरचा पगार, गाडीचं साल. पंचेचाळीसवाल्याने “या, समोरासमोर बोलू” म्हणून कळवलं. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने फोन करून सांगितलं: पगार 19,000, भरलेल्याला 3.8, रिकाम्याला 4.6, दुसऱ्या दिवसापासून हॉल्टिंग 400, गाडी 2021 ची. पंचेचाळीसचं नावही त्याने काढलं नाही. पोरगा तिथेच लागला. दिवाळीला त्याचा फोन आला, फेऱ्यांचा हिशोब बरोबर लागतोय का तेवढं पाहून द्या म्हणाला, आणि कागदांचे फोटो पाठवले. जादा डिझेलच्या रकान्यात 640 रुपये होते.