युद्धाचा जाब कोणाला विचारायचा?

(द्वितीय वर्ष कला)

युद्ध जिंकले की मिरवणूक काढायची आणि हरले की सेनापतीला दोष द्यायचा, ही जगाची जुनी रीत आहे. पण हे युद्ध करायचे मुळात कोणी ठरवले, कशाच्या आधारावर ठरवले आणि दुसरा मार्ग खरोखरच उरला नव्हता काय, हे तीन प्रश्न सरकारला उघडपणे विचारण्याची प्रथा फार थोड्या देशांत आहे. राज्यशास्त्राच्या तासाला ‘जबाबदार शासनपद्धती’ हा शब्द आपण नेहमी ऐकतो. त्या शब्दाची खरी कसोटी येथेच लागते. म्हणून इराक युद्धाच्या निर्णयाची ब्रिटनमध्ये जी चौकशी झाली, तिची थोडी ओळख करून द्यावी असे वाटले.

ब्रिटनला ही प्रथा नवी नाही आणि तिचा पहिला मोठा धडा आपल्याही इतिहासाशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात ज्या भूमीला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हिंदुस्थान सरकारने सहावी ‘पूना डिव्हिजन’ पाठवली होती. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. पुरेशी रसद व औषधपाणी नसताना १९१५ साली या सैन्याला बगदादकडे पुढे रेटण्यात आले. माघार घेताना ते कुत येथे वेढले गेले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण आले. शरण आलेल्यांत बहुसंख्य हिंदी होते. ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून चौकशी आयोग नेमला. १९१७ च्या त्याच्या अहवालात पुढे सरकण्याच्या निर्णयाचा मुख्य दोष जनरल निक्सन यांच्यावर ठेवला गेला. पण व्हाइसरॉय हार्डिंग आणि वरचे अधिकारीही त्यातून सुटले नाहीत. जखमी शिपायांचे झालेले हालही त्यात नोंदले गेले. अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी ब्रिटिश फौज पुन्हा त्याच भूमीत उतरली. इराककडे महासंहारक शस्त्रे आहेत, असे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या सरकारचे म्हणणे होते. सप्टेंबर २००२ मध्ये सरकारने एक पुस्तिका काढली. त्यातील काही शस्त्रे आदेश मिळताच ४५ मिनिटांत वापरता येतील, हे विधान खूप गाजले. १७ मार्च २००३ रोजी माजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी कॉमन्स सभागृहाने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली. युद्ध झाले, सद्दाम हुसेन यांची सत्ता गेली. परंतु ती शस्त्रे सापडली नाहीत.

जून २००९ मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी चौकशी जाहीर केली, तीही बंद दाराआड! त्यावर एवढी टीका झाली की बहुतेक सुनावणी उघडपणे घ्यावी लागली. निवृत्त सनदी अधिकारी सर जॉन चिलकॉट हे अध्यक्ष होते. समितीत दोन इतिहासकार, एक माजी राजदूत व भारतीय वंशाच्या उषा प्रशार होत्या. न्यायाधीश एकही नव्हता. साक्षीदारांना शपथ नव्हती, शिक्षा देण्याचा अधिकार समितीला नव्हता. मग तिच्याजवळ होते काय? कागद. सुमारे दीड लाख सरकारी कागदपत्रे तिने तपासली आणि दीडशेहून अधिक साक्षी घेतल्या. स्वतः ब्लेअर दोनदा येऊन उत्तरे देऊन गेले.

काम मात्र सात वर्षे रेंगाळले. गुप्त कागद, विशेषतः ब्लेअर यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना लिहिलेली टिपणे, प्रसिद्ध करावीत की नाही यावर सरकारशी दीर्घ वाद झाला. शिवाय ज्यांच्यावर टीका होणार होती त्यांना मसुदा आधी दाखवून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायचे होते. या काळात समितीचे एक सदस्य, इतिहासकार मार्टिन गिल्बर्ट, वारले. मृत सैनिकांच्या कुटुंबांनी तर कोर्टात जाण्याचा इशारा दिला.

अखेर ६ जुलै २०१६ रोजी अहवाल आला. बारा खंड, सुमारे २६ लाख शब्द! त्याचा सार असा: शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच ब्रिटन युद्धात उतरले, त्या वेळी लष्करी कारवाई हा शेवटचा उपाय नव्हता. शस्त्रांच्या धोक्याविषयी जी खात्री सांगितली गेली तिला पुरेसा आधार नव्हता. युद्धानंतर काय करायचे याची तयारी अगदीच अपुरी होती. जुलै २००२ मध्येच ब्लेअर यांनी बुश यांना ‘काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर आहे’ अशा अर्थाचे टिपण पाठवले होते, तेही उघड झाले. युद्ध कायदेशीर होते की नाही हे समितीने ठरवले नाही, ते योग्य न्यायालयाचे काम आहे असे सांगितले. मात्र कायदेशीर आधार ज्या रीतीने ठरवला गेला ती रीत समाधानकारक नव्हती, असे स्पष्ट म्हटले. ब्लेअर यांनी दुःख व्यक्त केले, पण सद्दाम यांना हटवण्याचा निर्णय योग्यच होता असे सांगितले. कोणालाही शिक्षा झाली नाही.

मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारील. इराकमध्ये १७९ ब्रिटिश सैनिक व कर्मचारी मेले. २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी माणसे मेली, त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक होते. अहवालाने त्यांतला एकही परत आला नाही हे खरेच. परंतु सरकारी कपाटातला कागद लोकांच्या हाती आला. ज्या आईचा मुलगा गेला तिला कोणी कधी काय लिहिले, हे आता वाचता येते. परिणामही झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावर कारवाईचा प्रस्ताव कॉमन्सने २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. तेव्हा अहवाल यायचा होता. पण इराकचा अनुभव सभासदांच्या मनात ताजा होता. उलट एप्रिल २०१८ मध्ये सीरियावर हल्ले झाले ते आधी मतदान न घेताच. म्हणजे एकदा शिकलेला धडा कायमचा टिकतो असे नाही.

आपल्याकडे १९६२ च्या पराभवाची हेंडरसन ब्रुक्स व भगत यांनी चौकशी केली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत तिचा सारांश सांगितला. मूळ अहवाल मात्र सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. कारगिलचा अहवाल काही मजकूर वगळून संसदेपुढे आला. या दोन्ही चौकशा युद्ध पुकारण्याच्या निर्णयाच्या नव्हत्या, तयारीतील उणिवांच्या होत्या, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

आमच्या गावात बऱ्याच घरांतून एक तरी माणूस फौजेत आहे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्याबरोबर शाळेत असलेले दोघे भरतीला गेले. शिपायाने हुकूम मानायचा असतो. ‘का?’ हा प्रश्न त्याच्या शिस्तीत बसत नाही आणि बसूही नये. म्हणूनच तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी मागे राहिलेल्यांवर, शिकलेल्यांवर येते. सरकारला जाब विचारणे म्हणजे फौजेचा अपमान, असे मानणारे पुष्कळ भेटतात. मला उलटे वाटते. ज्याचा जीव पणाला लावायचा, त्याच्या वतीने आधी नीट विचार झाला होता ना, हे तपासणे हाच त्याचा खरा सन्मान होय.