तासाला वीस मिनिटे

काही माणसांचा हात शर्टाचं बटण लावतो, चहाचा कप धरतो, चेंडूही फेकतो; पण पेन घेऊन अक्षर काढायला गेलं की बोटं आवळतात, मनगट वाकडं होतं आणि दोन-चार ओळींत हात अडकून पडतो. हाडं धड, स्नायूंत ताकद, दुखापत कुठेच नाही. या विकाराला रायटर्स क्रॅम्प म्हणतात. लंडनचे शल्यविशारद सॅम्युएल सॉली यांनी 1864 मध्येच कारकुनांना जडणाऱ्या या दुखण्यावर व्याख्यानं दिली होती.

यामागची यंत्रणा थक्क करणारी आहे. एक स्नायू आखडतो तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायू सैल पडावा लागतो, तरच हालचाल सुबक होते. हा सैल पडण्याचा हुकूम मज्जारज्जूतून सुटतो आणि त्यावर मेंदूचं नियंत्रण असतं. रायटर्स क्रॅम्पमध्ये तो हुकूम लिहिण्याच्या वेळीच बिघडतो आणि दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम ओढू लागतात. मेंदूतल्या इतक्या गुंतागुंतीच्या कामांतून नेमकं एकच काम बिनसतं! स्मरणशक्ती, तर्क, विषयाची समज यांना धक्काही लागत नाही.

आता या माणसाला तीन तासांच्या पेपरला बसवा. शेवटी जो गुण मिळेल, तो कशाचा असेल? ज्ञानाचा, की बोटांचा? प्रत्येक लेखी परीक्षा विषयाच्या जोडीने आणखी बरंच काही गुपचूप मोजत असते: हाताचा वेग, डोळ्यांची नजर, तीन तास एका जागी बसण्याची ताकद. बहुतेकांपाशी हे सगळं असतंच, म्हणून ते मोजलं जातंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्याच्यापाशी यातलं एक नसतं, त्याच्या निकालात मात्र ते ठळक उमटतं. दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या परीक्षेतल्या सोयी म्हणजे ही नको असलेली मोजणी वजा करण्याची पद्धत आहे. विहिरीची खोली मोजताना दोर आखूड पडला, तर आपण दोर बदलतो; विहीर उथळ आहे असं लिहून मोकळे होत नाही.

भारतात या पद्धतीचा पाया 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्यात 21 प्रकारची अपंगत्वं नोंदलेली आहेत. अंधत्व आणि बहिरेपणाबरोबर त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स असे वरून न दिसणारे आजारही आहेत. शिक्षणासंबंधीच्या कलम 17 मध्ये जादा वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख थेट कायद्याच्या मजकुरातच आहे.

केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना वाचताना जाणवतं, की नियमही किती बारकाईने माणसाचा विचार करू शकतात. भरपाईचा वेळ तासाला किमान 20 मिनिटं. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. उत्तरं ब्रेलमध्ये, संगणकावर, मोठ्या अक्षरांतल्या पेपरवर किंवा ध्वनिमुद्रणानेही देण्याचा पर्याय शक्य तिथे द्यावा. बोलणारा कॅल्क्युलेटर, गणितासाठीची टेलर फ्रेम, ब्रेल पाटी, अबॅकस वापरू द्यावं. परीक्षा शक्यतो तळमजल्यावर घ्यावी. लेखनिक परीक्षा मंडळाने दिलेला असेल, तर त्याला दोन दिवस आधी भेटून पारखण्याची संधी द्यावी. उमेदवार स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खालचं असावं, असंही 2018 च्या त्या सूचनांत होतं.

लेखनिकाशी दोन दिवस आधीची ही भेट का हवी? उत्तर सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. लिहिणाऱ्याला मागचं वाक्य समोर दिसतं, खोडता येतं, बाण काढून वरचा मुद्दा खाली आणता येतो. सांगणाऱ्याला मात्र उत्तराचा अख्खा आराखडा डोक्यात उभा ठेवावा लागतो, आणि त्याच वेळी लेखनिकाच्या हाताच्या गतीने बोलावं लागतं. समीकरण असेल तर कंस कुठे सुरू झाला, कुठे संपला, हेही सांगावं लागतं. लेखनिकाने प्रमेयाचं नाव आधी कधी ऐकलंच नसेल, तर एकेक अक्षर सांगण्यात मिनिटं जातात. ताशी वीस मिनिटं यातच खर्च होतात.

मेंदू अशा वेळी नव्या वाटा शोधतो. 1996 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका संशोधनात दिसलं, की लहानपणापासून अंध असलेली माणसं बोटांनी ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूतला दृष्टीसाठीचा भाग कामाला लागतो. डोळ्यांसाठी राखलेली जागा बोटांनी वापरायला घेतली! तरीही बोटाला एका वेळी जेमतेम एकच अक्षर कळतं. डोळा एका दृष्टिक्षेपात अनेक अक्षरं टिपतो. वेळेतला हा फरक हुशारीतून आलेला नाही, मार्गातून आलेला आहे.

2018 च्या सूचना 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी होत्या. मग 40 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असलेल्यांचं काय? हा प्रश्न रायटर्स क्रॅम्प असलेल्या एका एमबीबीएस तरुणाने सर्वोच्च न्यायालयात नेला. नागरी सेवा परीक्षेसाठी त्याने लेखनिक मागितला होता आणि तो ठरलेल्या वर्गांत बसत नाही म्हणून नकार मिळाला होता. 11 फेब्रुवारी 2021 रोजी 'विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग' या खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. लेखनिक मिळण्यासाठी ती लावता येणार नाही. गरजेनुसार सोय नाकारणं हाच भेदभाव आहे. एका माणसाच्या आवळलेल्या बोटांमुळे देशभरच्या परीक्षार्थींसाठी दार उघडलं. लिहिण्यात अडचण असलेल्या, पण 40 टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठी 10 ऑगस्ट 2022 रोजी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना निघाल्या.

दीर्घ आजारांची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण ते रोज सारखे नसतात. टाइप-1 मधुमेह असलेल्या मुलीची साखर पेपरच्या मधेच घसरली, तर हात थरथरतो, घाम फुटतो, शब्द सुचेनासे होतात, कारण मेंदूचं इंधनच मुळात ग्लुकोज आहे. तिच्यासाठी सोय म्हणजे खिशातल्या साखरेच्या गोळ्या आणि एखादं केळं. सीबीएसईने अशा विद्यार्थ्यांना परीक्षागृहात असं खाणं जवळ ठेवायला परवानगी दिलेली आहे. आतड्यांचा आजार असलेल्याला हवी असते दाराजवळची जागा आणि स्वच्छतागृहात जाऊन आल्यावर तेवढी मिनिटं परत. यात खर्च जवळजवळ शून्य, आणि वर्ष वाचतं.

'बाकीच्यांवर हा अन्याय नाही का?' असं विचारलं जातं. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. प्रश्नपत्रिका तीच, उत्तराचा दर्जा तोच, तपासण्याचा निकषही तोच. ज्या पेपरात वेगच मोजायचा असतो, उदाहरणार्थ टंकलेखनाच्या परीक्षेत, तिथे वेळ हा विषयाचाच भाग असतो. इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या पेपरात तो विषयाचा भाग नाही. तिथे वाढीव वेळ दिल्याने कुणाचाही गुण कमी होत नाही. एका विद्यार्थ्याचा गुण फक्त खरा होतो.

ही सोय आपसूक मात्र मिळत नाही. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून वेळेत काढावं लागतं, परीक्षेचा फॉर्म भरतानाच तशी नोंद करावी लागते आणि महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक प्राध्यापकाने सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्गात उभं राहून या सोयी मोठ्याने सांगाव्यात. संकोचाने गप्प बसलेल्या मुलामुलींना विचारायचं धाडस त्यातूनच येईल.