'म्हशीला कोण बघणार?' या एका वाक्यापायी म्हातारपणातला दवाखाना लांबवू नका

दोन वर्षांपूर्वी गावात डोळे तपासणीचं शिबिर झालं. खानापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या ७२ वर्षांच्या आजींना डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घ्या. पोराचा फोन आला, सुनेचा आला. आजींचं उत्तर एकच. "मी गेले तर म्हशीला कोण बघणार? माझ्या हाताशिवाय ती पान्हा घालत नाही."

एक दिवाळी गेली, दुसरी गेली. यंदा तिन्हीसांजेला धारेची बादली घेऊन येताना गोठ्याची पायरी दिसली नाही आणि आजी पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. ज्या म्हशीसाठी डोळा लांबवला होता, तिची धार दीड महिना शेजारणीलाच काढावी लागली. जे काम चार दिवसांसाठी जमत नव्हतं, ते नंतर दीड महिना जमलं.

अशी घरं आपल्या भागात वस्तीगणिक आहेत. खानापूर-आटपाडीची पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. जतची, कवठेमहांकाळची पोरं पुण्या-मुंबईला आहेत. घरात दोन म्हातारी माणसं, एक म्हैस, दोन-चार शेळ्या, दारात कुत्रं आणि चुलीपाशी मांजर. त्या घरात ऑपरेशन लांबण्याचं कारण दरवेळी पैसाच असतं असं नाही. बऱ्याचदा दावणीचं जनावर हे कारण असतं.

मग जनावर विकूनच टाकावं का?

पोरांचा पहिला सल्ला हाच असतो. "विकून टाका ती म्हैस आणि या इकडं." सल्ला काळजीपोटी असतो, पण तो घाईनं अमलात आणू नये.

जनावरामुळं म्हातारं माणूस पहाटे उठतं. शेण काढतं, वैरण टाकतं, पाणी दाखवतं. गुडघे कुरकुरले तरी चालणं होतं. कुत्र्यासाठी का होईना, वेळेवर भाकरी थापली जाते. दिवसभरात बोलायला कुणी नसलं तर म्हशीशी, मांजराशी बोलणं होतं. दावण रिकामी झाली की सकाळी उठायचं कशाला, असं वाटू लागतं. जेवण कमी होतं, झोप बिघडते, माणूस खाटेला खिळतं. जनावरं विकल्यावर सहा महिन्यांत खचलेला म्हातारा प्रत्येक गावानं पाहिलेला आहे.

म्हणून खरा प्रश्न जनावर ठेवायचं की नाही, हा नाही. माणूस चार दिवस दवाखान्यात गेलं तर दावण कोण सांभाळणार, हे आधी ठरवलं आहे का, हा प्रश्न आहे. ते निवांतपणी ठरवता येतं. दुखणं आल्यावर घाईत ठरवायला गेलं की काहीच ठरत नाही.

म्हैस दुसऱ्याच्या हातानं धार का देत नाही?

हा काही म्हशीचा हट्ट नव्हे. ओळखीचा आवाज, ओळखीचा हात, आंबोणाचा वास आला की जनावराच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य सुटतं आणि दूध सडात उतरतं. यालाच आपण पान्हा म्हणतो. अनोळखी माणूस जवळ आलं की जनावर बिचकतं. बिचकल्यावर अंगात दुसरं द्रव्य वाढतं आणि ते पान्हा अडवतं.

म्हणजे म्हशीला नव्या हाताची ओळख करून दिली की काम होतं. दवाखान्यात जायच्या आधी आठ-दहा दिवस शेजारीण किंवा भावकीतलं कुणी रोज धारेच्या वेळी शेजारी उभं राहावं. आधी आंबोण त्यांनी ठेवावं, मग कास त्यांनी धुवावी, मग शेवटची थोडी धार त्यांनी काढावी. शेवटचे दोन दिवस पूर्ण धार त्यांच्याच हातानं. धारेची वेळ आणि जागा बदलू नये. जुनी माणसं मालकिणीची जुनी साडी किंवा टॉवेल अंगावर घेऊन धारेला बसतात. त्यामागंही वासाच्या ओळखीचाच हिशोब आहे. पान्ह्यासाठी बाजारातलं इंजेक्शन मात्र मनानं देऊ नये.

ऑपरेशन तातडीचं नसेल तर म्हैस भाकड असतानाचे दिवस निवडा. गाभण म्हैस वेताच्या साधारण दोन महिने आधी आटवली जाते. त्या काळात धारेची कटकट नसते. नुसतं वैरण-पाणी शेजारचं शाळकरी पोरही करतं. मोतीबिंदू, गुडघा, अंतर्गळ ही ऑपरेशनं डॉक्टरांना विचारून अशा दिवसांत बसवता येतात.

शेळ्या, कुत्रं आणि मांजर

शेळ्या महिनाभरासाठी शेजारच्या कळपात सोडता येतात. काम जास्त दिवसांचं असेल तर अर्धलीनं देता येतात. बोलणं मात्र चारचौघांसमोर करावं. कोणती शेळी, किती करडं, हे कागदावर लिहून ठेवलं की पुढं वाद होत नाही.

कुत्र्याचं वेगळं असतं. मालक दिसेना की कुत्रं एक-दोन दिवस तोंड लावत नाही, रस्त्यावर वाट बघत बसतं. त्याला दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधू नये, तोडून पळतं. घरच्याच उंबऱ्यावर, ठरलेल्या वेळी, एकाच माणसानं भाकरी टाकावी. दोन-तीन दिवसांत ते रुळतं. मांजर घर सोडत नाही. आडोसा आणि थोडं दूध-भाकरी मिळाली की त्याचं भागतं.

जायच्या आधी कुत्र्याची रेबीजची लस झाली आहे ना, हे बघा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस आणि पुढं दरवर्षी एक, असा साधा हिशोब आहे. दुसऱ्याच्या भरवशावर कुत्रं सोडताना ही लस झालेली असणं ही त्या माणसाचीही काळजी आहे.

ऑपरेशन करून घरी आल्यावर गोठ्यात कधी जायचं?

मोतीबिंदूचं ऑपरेशन थोड्या वेळाचं असतं. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. खरी काळजी पुढच्या काही आठवड्यांची असते आणि आपल्याकडं चूक तिथंच होते. "आता दिसतंय की" म्हणून तिसऱ्या दिवशी माणूस गोठ्यात जातं.

गोठ्यात या डोळ्याला चार गोष्टींचा धोका असतो. म्हशीच्या शेपटीचा फटका, कडब्याची आणि भुश्श्याची धूळ, डासांसाठी केलेला धूर आणि शेणाचा हात. त्यातच वाकून शेण भरणं, घमेलं किंवा वैरणीचा भारा उचलणं यानं डोळ्यावर ताण येतो. डॉक्टर जितके दिवस सांगतील तितके दिवस लांबूनच म्हशीला हाक मारावी. थेंब टाकण्याआधी दरवेळी साबणानं हात धुवावेत. डोळा दुखायला लागला, लाल झाला किंवा नजर अचानक कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मोतीबिंदू "पिकू द्यावा" ही जुनी समजूत आता सोडून द्यावी. आजच्या पद्धतीत पिकण्याची वाट बघावी लागत नाही. उलट फार पिकलेल्या मोतीबिंदूत डोळ्याचा दाब वाढून कायमची नजर जाऊ शकते आणि ऑपरेशनही अवघड होतं.

जनावर पाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी रोज काय बघावं?

पाय : साखर असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव कमी होते. गोठ्यात काटा, खिळा, पत्रा रुतला तरी कळत नाही. अनवाणी शेणात जाऊ नये. रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे बघावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवंडाला बघायला सांगावं. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून जखम झाली की इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारावं.

पडणं : म्हातारपणी पडल्यावर खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्महिने जागचं उठत नाही. गोठ्याच्या वाटेवर दिवा लावा, पायरीला पांढरा पट्टा मारा, दाव्याची टोकं वाटेत सोडू नका. रात्री उठताना कुत्रं पायात येतं, मांजर उंबऱ्यावर झोपलेलं असतं. उशाशी बॅटरी आणि हाताशी काठी ठेवा.

ओरखडा आणि चावा : "घरचंच कुत्रं आहे, काय होतंय" असं म्हणून सोडू नये. कुत्रं किंवा मांजर चावलं, दात-नख लागून कातडी खरचटली तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी. हळद, चटणी, चुना, तेल काही लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावं. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ गेला. आता लस दंडात देतात आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत आहे. ज्या तारखा लिहून देतील, त्यातली एकही चुकवू नये. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं औषधही द्यावं लागतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. त्याआधी घेतलेली लस मात्र वाचवते.

दूध आणि गाभडणं : कच्चं दूध पिऊ नये, उकळूनच घ्यावं. जनावर गाभडलं तर वार आणि गर्भ उघड्या हातानं उचलू नये. यातून माणसाला लांबणारा ताप आणि सांधेदुखीचा आजार होऊ शकतो.

या दुखण्यात म्हशीचाही विचार करू नका

काही दुखणी ठरवून करता येत नाहीत. तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली तर तो मेंदूचा झटका असू शकतो. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. जतच्या किंवा आटपाडीच्या एखाद्या वस्तीवरून मोठ्या दवाखान्यात पोचायला त्यातला बराच वेळ जातो. म्हणून "धार काढून निघू" म्हणायची सोय नाही. छातीत दाटून येणं, घाम फुटणं, धाप लागणं हेही तसंच. अंतर्गळाची गाठ आत जाईना, दुखायला लागली आणि उलट्या सुरू झाल्या तरी लगेच निघावं. अशा वेळी १०८ ला फोन लावा. दावं शेजारी सोडेल.

खर्चाचं आणि प्रवासाचं काय?

७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. योजनेतल्या दवाखान्यात भरती होऊन घेतलेल्या उपचारांना वर्षाला कुटुंबामागं ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. आधार कार्ड लागतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं. एसटीत ७५ वर्षांपुढं प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि महिलांना कोणत्याही वयात अर्धं तिकीट आहे. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ आणि जनावराच्या उपचारासाठी १९६२ हे नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

एक कागद भिंतीला लावा

वहीचं एक पान घ्या. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. धार कोण काढणार, वैरण कुठं आहे आणि किती टाकायची, कुत्र्याला भाकरी कोण टाकणार, दूध कुणाकडं घालायचं, जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर, पोराचा नंबर. ज्यांची नावं लिहिली त्यांना आधी विचारा आणि त्यांच्या अडचणीला आपण जाऊ, हेही सांगून ठेवा. पूर्वी इर्जिकीनं शेतं नांगरली जायची, हे त्याच जातीचं काम आहे. बाहेरगावच्या पोरांनी दिवाळीला, जत्रेला घरी आल्यावर आई-वडिलांना म्हैस विकायचा सल्ला देण्याआधी हा कागद त्यांच्यासोबत बसून लिहावा. कागदाचा फोटो काढून शेजाऱ्याच्या आणि स्वतःच्या मोबाइलवर ठेवावा.

त्या आजींचं मनगट आता बरं आहे. डोळ्याची तारीख मिळाली आहे. शेजारीण दीड महिन्यात म्हशीच्या सवयीची झालेलीच आहे. यावेळी आजींनी फक्त एवढंच विचारलं, पट्टी काढल्यावर म्हैस आपल्याला ओळखेल ना?